नाक्यावर शिजलेला पळस

संपादकमहाशयांचं पत्र आलं की, आपण जकातनाक्यावर मुनशी म्हणून एवढी वर्षं काढलीत, तर आपल्या कर्तबगारीचे चार प्रसंग दिवाळी अंकासाठी लिहून पाठवावेत. मी पत्र मोठ्यानं वाचलं. आमच्या मंडळी आतून म्हणाल्या, “चार कुठून आणणार?”

प्रश्न रास्त होता. मी दोन दिवस खूप आठवून पाहिलं. कर्तबगारीचा एकही प्रसंग हाताला लागला नाही, फजितीचे मात्र पोतंभर निघाले. त्यांतला जो सगळ्यात जास्त टोचतो, तो देतो आहे. संपादकांना तो चालला तर छापावा, नाही तर परत पाठवण्याची तसदी घेऊ नये.

नाका म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागेल. तेव्हा आमचा हिंगोलीकडचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाड, तिथं इंग्रजांचा अंमल. उन्हाळ्यात नदी गुडघाभर. कावळ्याला, कुत्र्याला, पाहुण्याला पलीकडं जायला काही अडचण नव्हती. माल जायचा म्हटला की मात्र थांबला पाहिजे, आणि त्याला थांबवायला काठावर आम्ही बसलेलो. एक आडवा बांबू, एक लिंबाचं झाड, एक कचेरी. मागं नाक्याच्या साहेबांचं बिऱ्हाड, त्याला लागून माझं, आणि बाजूला किसन जवानाची झोपडी. गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी तेवढी गर्दी, एरवी माशा.

आमच्या नोंदवहीनं दुनियेतल्या सगळ्या वस्तूंचे तीन भाग केले होते. एक, खाण्याचा माल. तो नाक्यावरच सुटायचा. दोन, वापरायचा माल. त्यावर जकात घेऊन सोडायचा. आणि तीन, ज्याच्यावर वरून हुकूम मागवायचा तो माल. हा तिसरा भाग फार वाईट. माल हिंगोलीला जायचा, कागद आणखी पुढं जायचा, आणि दोघांची पुन्हा गाठ पडायला पंधरा दिवस लागायचे. जर्मनीची लढाई सुरू झाली तसा रंगाचा माल या तिसऱ्या भागात गेला. का गेला, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

विलायती कापड, मीठ, गूळ, सुपारी यांचं काही कोडं पडत नसे. कोडं पडायचं ते डोंगरातून येणाऱ्या मालाचं. झाडाला आमची नोंदवही कुणी दाखवलेली नसते. मी नोकरीला लागून महिना झाला नव्हता, तेव्हा एक म्हातारा औंढ्याकडच्या डोंगरातून बिब्ब्याची दोन पोती घेऊन आला. बिब्बा मला ठाऊक होता. धोबी त्यानं कपड्यावर खूण करतो, ती जन्मात निघत नाही. म्हणजे वापरायचा माल. म्हातारा म्हणाला, “आतली गोडांबी खातेत, मालक. वरचं फूल वाळवून खातेत. मधल्यानं तेवढी खूण करतेत.”

एकाच फळाचा शेंडा खायचा, गाभा खायचा आणि मधलं कपड्याला लावायचं, हे मला सरळसरळ थाप वाटलं. खात्री करून घ्यावी म्हणून मी एक बिब्बा दातांनी फोडला. पुढचे आठ दिवस मी उपरण्यात तोंड गुंडाळून कचेरीत बसत होतो. ओठ कुठं संपतात आणि गाल कुठून सुरू होतात, ते आरशालाही कळत नव्हतं. म्हातारा जाताना किसनला विचारून गेला म्हणे, “ह्यांनी काहून चावला? म्या तर सांगितलं हुतं.”

यावरून मी धडा घेतला की डोंगरातला माल स्वतः तोंडात घालायचा नाही. धडा बरोबर होता. पाळला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

लढाईचं तिसरं की चौथं वर्ष असेल. चैत्राचे दिवस. सकाळी सकाळी बांबूपाशी दोन बैल येऊन थांबले. पाठीवर फुगलेली पोती, पण बैलांच्या चालीवरून वजन काहीच दिसत नव्हतं. बैलांबरोबर एक लमाणीण. आरशांचा घागरा, कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, वय पन्नाशीच्या पुढं. नाव झमकुबाई. तिला अहोजाहोचा सराव नव्हता. साहेबालाही ती अरेतुरेच करायची, आणि त्यात अपमान वाटावा असं काही नसायचं.

“पोत्यात काय आहे?” मी विचारलं.

“केसुला.” माझा चेहरा पाहून तिनं मराठीत सांगितलं, “पळसाचं फूल.”

“पूजेला नेतेस?”

“एवढं? देव काय सासरी चालला हाय?”

“मग कशाला?”

“रंगाला.”

झालं. मी आनंदानं टाक बुडवला आणि नोंदवहीत ‘रंगाचा माल’ असं ठळक लिहिलं. किसनला म्हटलं, “पोती उतरव. हिंगोलीला जातील.”

बाई बैलांच्या आणि किसनच्या मधे उभी राहिली. “हिंगोलीला काहून? रंग हाय, पन खायाचा रंग हाय. भाताला. बुंदीला. तू पिवळा भात खाल्ला न्हाईस का कधी?”

मग तिनं सगळं सांगितलं. वऱ्हाडात, नदीपासून दीड दिवसाच्या वाटेवर, एका देशमुखाच्या घरी परवा दुपारी लग्न होतं. त्या घरच्या पंगतीचा पिवळा भात आणि बुंदीचा रंग तिच्या सासूच्या वेळेपासून यांच्या तांड्याचा. मधे बाजारात डब्यातला विलायती रंग आला आणि देशमुखानं तांड्याला विचारणं सोडलं. लढाईमुळं डबे यायचे बंद झाले, तसं त्यानं दहा वर्षांनी पुन्हा माणूस पाठवला होता. तांड्यातल्या अकरा बायकांनी फाल्गुनभर डोंगर पालथा घातला होता. नुसत्या पाकळ्या खुडायच्या, खालची काळपट टोपी टाकायची, कारण ती कडू. वाळवायच्या त्याही सावलीत. उन्हात वाळवलं तर फूल राहतं आणि रंग मरतो. कमरेला एक चिंचोळी पिशवी होती, त्यात पारिजातकाचे नारिंगी देठ. पांढऱ्या पाकळ्या सोडून देऊन एकेक देठ वेगळा केलेला. तो लाडवांसाठी. केशराच्या ठिकाणी घातला तर भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

“परवा दुपारच्या आत पोचले तर तांड्याचं नाव राहील,” ती म्हणाली. “न्हाई पोचले तर देशमुख हळद टाकून मोकळा व्हईल. मंग पुन्हा बोलावनार न्हाई. अकरा बाया माज्या तोंडाकडं पाहून राहिल्यात, मुनशी.”

मला ते पटत होतं. पण नोंदवहीत ‘रंगाचा माल’ लिहून झालेलं होतं, आणि मुनशानं खोडाखोड केली की त्याची अब्रू जाते, अशी माझी समजूत होती.

एवढ्यात साहेब बाहेर आले. साहेब हैदराबादचे. कुटुंब तिकडं, इथं एकटे. जाड चष्मा, मऊ बोलणं, आणि जीव सगळा खाण्यात. स्वतः रांधायचे. त्यांचा जर्दा, म्हणजे आपला साखरभात समजा, पण तूप आणि लवंगांनी नटवलेला. लढाईत केशर मिळेनासं झालं तसं जर्दाही बंद पडला होता. त्यांनी पोत्यातल्या पाकळ्या चिमटीत धरल्या, वास घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांत मला सरकारी काम दिसलं नाही.

“मुनशी, इसमें झगड़ा कायकू?” ते म्हणाले. “पका के देखते. खाने के काबिल निकला तो खाने का माल. नहीं निकला तो हिंगोली.”

नाक्यावर माणसं तीन आणि चुली तीन. साहेबांची चूल वेगळी, किसनची वेगळी, आणि आमच्या घरी तर सोवळं इतकं कडक की शेजारच्या चुलीचा धूर खिडकीतून आला तरी खिडकी धुवावी लागे. तेव्हा परीक्षाही तिन्ही चुलींवर झाली. साहेबांनी त्यांच्या तांब्याच्या देगचीत परसातल्या विहिरीचं पाणी घेतलं. ती विहीर खारी. आमच्या मंडळींनी पितळी पातेल्यात नदीतल्या झऱ्याचं गाळलेलं पाणी घेतलं. किसननं झऱ्याचंच पाणी, पण त्याच्याकडं एक लोखंडी कढई सोडून दुसरं भांडंच नव्हतं. प्रत्येकाला बाईनं ओंजळभर पाकळ्या मोजून दिल्या.

अर्ध्या तासानं मी नोंदवही घेऊन तिन्ही चुलींवर फिरलो. आमच्या पातेल्यात पाणी पिवळंधमक, नव्या नवरीच्या अंगाला लावावं असं. मी लिहिलं, ‘रंग पिवळा.’ साहेबांच्या देगचीत डोकावलो तर पाणी तांबडंभडक. मी लिहिलं, ‘दुरुस्ती: तांबडा.’ किसनच्या कढईत पाहिलं तर शेवाळलेल्या हौदासारखं काळपट हिरवं. मी लिहिलं, ‘दुरुस्तीची दुरुस्ती: हिरवा,’ आणि लिंबाखाली बसलो.

“मुनशीजी,” किसन म्हणाला, “बाईनं तीन पोत्यांतून दिलं आसंल.”

मी तिन्ही वेळा जवळ उभा होतो. पोतं एकच होतं. सरकारी मालाला एक रंग असावा, निदान एका सकाळपुरता तरी.

झमकुबाई मात्र पोट धरून हसत होती. “फूल एकच हाय रे. तुमचीच भांडी एका मताची न्हाईत.” मग तिनं मला असं समजावलं की शाळेतल्या मास्तरानंही समजावलं नसतं. खाऱ्या पाण्यात हे फूल भडकतं. भांडं राखेनं घासलेलं असेल तर आणखीनच. लोखंडात ते काळवंडतं, पण वाईट होत नाही, नुसतं वाईट दिसतं. आणि भडकलेलं फूल ताळ्यावर आणायला आंबट लागतं. तांड्यावर ती मातीच्या मडक्यातच रंग काढते. मडकं कुणाची बाजू घेत नाही.

“चिंच दे,” ती साहेबांना म्हणाली. “तुजा बी पिवळा करून देते.” आणि देगचीवर वाकता वाकता थांबून तिनं मला विचारलं, “कल्हई बराबर हाय ना आतून? न्हाई तर आंबट घालायचं न्हाई.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “आहे की. दोन महिनेच झाले.”

आता या कल्हईची हकीकत सांगणं भाग आहे. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कथलाचा हात दिला नाही तर आंबट पदार्थ त्यात कळकतो, हे घरोघरी ठाऊक असतं. दोन महिन्यांमागं भाता घेऊन कल्हईवाला आला होता. साहेबांनी देगची माझ्या हाती दिली होती. लढाईमुळं कथील मिळत नव्हतं. कल्हईवाला म्हणाला, “एका घरचं हुईल, एवढंच हाय.” त्याच वेळी आमच्या मंडळी दारातून म्हणाल्या, “माझे भाऊ यायचेत.” पुढचं काय सांगू? आमची पातेली, वाट्या, तांब्या आरशासारखे लखलखले, आणि उरलेल्या कथलाचा एक पुसट हात देगचीवर फिरला. चार दिवस ती पांढरी दिसली. साहेबांचा चष्मा जाड आणि स्वयंपाकघर अंधारं. गोड-तिखट शिजत होतं तोवर कुणाला काही कळलं नाही.

चिंचेचा कोळ पडला आणि देगचीतला तांबडा आमच्या डोळ्यांदेखत मावळला. आधी नारिंगी, मग पिवळा. साहेब “सुभानअल्ला!” म्हणाले. किसननं गळ्यातल्या ताइताला हात लावला. मला तर हा प्रकार हिरव्या रंगापेक्षा भयंकर वाटला. जो माल दमदाटी केल्यावर रंग बदलतो, तो खरं केव्हा बोलतो?

साहेबांनी त्या पाण्यात तांदूळ शिजवले, साखर, तूप, लवंगा घातल्या, झाकण ठेवलं आणि देगची निखाऱ्यावर तशीच राहू दिली. जर्दा मुरावा लागतो. ज्याच्या सहीनं माल सुटतो त्यानं स्वतः खाऊन सही करावी, असं त्यांचं म्हणणं. आणि खाणं निवांतपणे, कचेरी मिटल्यावर. बाईनं नाइलाजानं बैल सोडले. तिचा एक दिवस गेला तो असा.

दुपारी आमच्याकडं पिवळा भात झाला. मंडळी आणि पोरं जेवली. मीही बसलो होतो, पण माझं चित्त ताटात नव्हतं. मागच्या भिंतीवरून तुपालवंगांचा वास येत होता. आता जे लिहितो आहे ते आमच्या घरी आजवर कुणाला माहीत नाही. मंडळींचा चष्मा गेल्या महिन्यात फुटला, तो मी अजून दुरुस्तीला टाकलेला नाही, याचं कारण हेच. साहेब कचेरीत झोपले होते. मी मागच्या दारानं त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो आणि देगचीतून दोन वाट्या जर्दा उभ्याउभ्या खाल्ला. पहिल्यांदा नव्हे. केशर होतं त्या काळापासून माझी ही वहिवाट होती.

चार वाजता मला कळ आली. साहेब सहा वाजता जेवले आणि साडेसातला त्यांनाही आली. दोघांच्या मधे एक भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकच आवाज. त्या रात्रीचं वर्णन दिवाळी अंकात नको.

सकाळी किसन माझ्या उशाशी उभा. “मुनशीजी, साहेब बी पडले, तुमी बी पडले. अन् म्या कढईभर हिरवा भात खाऊन ढेकर देऊन राहिलो. ह्यो काय परकार म्हनावा?”

खरंच, काय म्हणावा? मंडळी ठणठणीत होत्या. पोरं अंगणात धुडगूस घालत होती. ज्यांचा भात चांगला पिवळा, ती माणसं बरी. ज्याचा भात सगळ्यात ओंगळ, तोही बरा. आणि ज्यांनी सगळ्यात देखणा खाल्ला, ते आडवे. मी देगचीतलं खाल्लं हे मला माहीत होतं, पण त्या वेळी डोक्यात बिब्बाच घुसला होता. डोंगरातला माल मला मानवत नाही एवढंच कळत होतं.

साहेबांना मात्र काहीच कोडं राहिलं नव्हतं. खाटेवर पडूनच त्यांनी फर्मावलं. मुनशाच्या घरच्या भांड्यात शिजलं आणि मुनशी आजारी, आपल्या भांड्यात शिजलं आणि आपण आजारी. दोन वेगळी भांडी, दोन वेगळी पाणी, आजार एक. म्हणजे दोष फुलाचा. “माल नदी पे जला दो. औरत को हिंगोली ले जाओ. पुलिस पूछेगी.”

किसननं पोती लिंबाखाली ओढली. गोरेगावच्या बाजाराला निघालेले गाडीवान जमले होते. झमकुबाईला काय चाललं आहे ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती ओरडली नाही. तिनं आपलं मडकं काढलं, त्यात आदल्या दिवशीचा पिवळा भात होता, तो सगळ्यांसमोर खाल्ला. मग पोत्यात हात घालून मूठभर कोरड्या पाकळ्या चावल्या.

“सांजपर्यंत माजं मढं पडलं तर पोत्याबरोबर मला बी जाळ,” ती किसनला म्हणाली. “पन मी सांजपर्यंत बसू कशी? लगीन उद्या हाय. मी बसले तरी मेले, न्हाई बसले तरी मेले.”

गाडीवानांतल्या एकानं तिला लमाणी बोलीत आई म्हणून हाक मारली, “याडी, माफी माग साहेबाची.”

“कशाची मागू ते सांग, मंग मागते.”

एवढ्यात किसन साहेबांची देगची घेऊन माझ्याकडं आला. “हे घासू, का पुरावा म्हनून ठिवू?”

मी आत पाहिलं. तळाला तांब्याचा उघडा लालसर रंग, आणि भात जिथवर होता त्या रेषेवर हिरवट कड. हा चौथा रंग मला ओळखू आला. तो पळसाचा नव्हता.

बोललो तर नोकरी जाणार. नोकरी गेली तर बिऱ्हाड कुठं न्यायचं? नाही बोललो तर ती बाई हिंगोलीच्या कोठडीत, आणि अकरा बायकांचा फाल्गुन नदीकाठी राख. हे एवढं सरळ असूनही माझे पाय नदीकडं वळत होते. शेवटी किसननं काडी मागितली. मी काडी दिली नाही, एवढंच माझं शौर्य. देगची घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं.

“हुजूर, इसकी कल्हई नहीं हुई थी. कथील मेरे घर के बर्तनों को लगा.”

साहेबांनी चष्मा लावला, देगची उजेडात धरली, बोट फिरवलं. मग म्हणाले, “अच्छा. मैं कायकू बीमार पड़ा, ये समझ में आया. अब ये बोलो, तुम कायकू पड़े? तुम्हारा बर्तन तो चमकता है.”

हा प्रश्न येईल, याचा मी विचारच केला नव्हता. मी जमिनीकडं पाहत म्हणालो, “हुजूर, खुशबू आ रही थी.”

“कितना खाया?”

“दो कटोरी.”

साहेब हसायला लागले, पोटात कळ आली म्हणून थांबले, आणि पुन्हा हसायला लागले. “इसी लिए! मैं भी बोलूँ, बरसों से मेरी देगची में दीमक लगी है क्या!” मग एकाएकी गंभीर झाले. “माल खाने का है, लिख दो. तुम्हारी दो कटोरी मैं किसी को नहीं बोलूँगा. मगर कल्हई का सच उस औरत को तुम अपने मुँह से बोलोगे. अभी. सब के सामने.”

मी बाहेर आलो. लिंबाखाली गाडीवान, किसन, झमकुबाई. आमच्या बिऱ्हाडाच्या दारात मंडळी पदर खोचून उभ्या. सगळे माझ्याकडं पाहत होते. कल्हईचं बोललो तर पुढचा प्रश्न कुणीही विचारील, किसन तर नक्कीच विचारील, की मुनशीजी, मग तुमी कसे पडले? मी म्हणालो, “माल खाण्याचा आहे. सोडा.”

“साहेब कसा मानला?” बाईनं विचारलं.

“मानले,” मी म्हणालो.

तेव्हाही मी बोललो असतो तरी चाललं असतं. पण ती पुढं आली, माझ्या तोंडावरून दोन्ही हात उतरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. “तू माजं खाऊन मरता मरता वाचलास, अन् तरी माज्यासाठी आत जाऊन भांडलास.” गाडीवानांनी मान डोलावली. किसननं डोलावली. दारातून मंडळींनीही कौतुकानं पाहिलं, आणि तसं त्यांनी माझ्याकडं फार वेळा पाहिलेलं नाही. मी गप्प राहिलो. बैल लादले गेले. ती घाईघाईनं नदीत उतरली.

निघाल्यापासून चौथ्या दिवशी ती परतली तेव्हा पोती तशीच फुगलेली होती. ती लग्नाच्या दिवशी दिवेलागणीला पोचली होती. पंगती उठल्या होत्या. देशमुखानं हळद टाकून भात केला होता, आणि ओसरीवरूनच सांगितलं होतं की आता येत जाऊ नको.

“तुजा दोष न्हाई, मुनशी,” तिनंच माझी समजूत काढली. “तू तर खाल्लंस.” आणि पारिजातकाच्या देठांची पिशवी माझ्या हातात देऊन गेली. साहेब खिडकीतून पाहत होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघराचं मागचं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं, आणि मी तिथं पुन्हा पाय ठेवला नाही.

पुढं अठ्ठेचाळीस साल उजाडलं. राज्य बदललं, साहेब हैदराबादला गेले, मी दुसऱ्या कचेरीत लागलो. त्या हिवाळ्यात कामानं जवळा बाजारला गेलो होतो. आठवड्याचा बाजार भरलेला. एका कडेला झमकुबाई पाटी घेऊन बसलेली. देशमुखाच्या घरचं गिऱ्हाईक तुटल्यावर ती बाजारोबाजार चिमटी-चिमटीनं रंग विकत होती. समोर दोन बायका संशयानं पाकळ्या चाळवत होत्या. डब्यातला रंग पुन्हा यायला लागला होता.

मी ठरवलं, आज सांगायचं. साहेब नाहीत, किसन नाही, मंडळी घरी. पुढं झालो आणि “याडी,” म्हणून हाक मारली.

तिनं वर पाहिलं आणि माझं मनगटच पकडलं. “पाहा, पाहा! ह्योच तो मुनशी!” ती त्या बायकांना म्हणाली. “माजा भात खाल्ला, दुसऱ्याच कशानं तरी आजारी पडला, साहेब म्हने जाळा, अन् ह्यानं मरनाच्या दारातून उठून सांगितलं, माल खान्याचा हाय! डब्यातल्या रंगासाठी आसा कोन उठला का? सांगा!”

दुसऱ्याच कशानं तरी. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्यात काही होतं की नव्हतं, मला ठरवता आलं नाही.

बायकांतली थोरली माझ्याकडं वळली. “खरं का वो, दादा?”

झमकुबाईनं मनगट सोडलं नव्हतं.

“व्हय,” मी म्हणालो.

थोरलीनं पदराची ओंजळ पुढं केली. “मंग दे गं, बाई. चांगली दोन मापं दे.” मागं आणखी तिघी येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनाही मीच सांगितलं.